ओ गटाचा चकवा

कामगार चळवळीत रक्ताशी संबंध दोनच ठिकाणी येतो असे मला पूर्वी वाटे : यंत्रात हात सापडला तर, नाही तर भाषणात. पुढे रक्तदान शिबिरांची व्यवस्था माझ्याकडे आली, आणि पिशवीवर ‘ओ’ अशी खूण दिसली की निश्चिंत होण्याची माझी सवय मोडली.

1952 साली मुंबईचे डॉ. वाय. एम. भेंडे व त्यांचे सहकारी यांनी ‘लॅन्सेट’ या विलायती नियतकालिकात एक चमत्कारिक रक्त जगापुढे मांडले. तपासणीत ते ओ गटासारखे दिसे. पण ओ गटाचे रक्तही त्याला चालत नसे! ए आणि बी या खुणा ‘एच’ नावाच्या पायावर उभ्या असतात. ओ गटाच्या माणसाजवळ नुसता पाया असतो. या माणसांजवळ पायाच नव्हता. म्हणून त्यांचे रक्त एचला परके मानून त्यावर तुटून पडे. अशा रोग्याला ओ रक्त चढविले तर त्याचा जीवही जाऊ शकतो. या गटाला ‘बॉम्बे’ हे नाव पडले. शहराचे नाव पुढे बदलले, गटाचे बदलले नाही.

पाया का नसावा ? याचे उत्तर मिळावयास पंचेचाळीस वर्षे गेली. ते समजण्यासाठी आपण सोलापुरी चादरीच्या जेकार्ड मागाकडे जाऊ. कार्डात भोक असेल तर ताण्याचा धागा उचलला जातो, नसेल तर नाही. पुठ्ठ्याला रंग नसतो, तरी नक्षी त्यातूनच येते. पेशीतही तसेच आहे. डीएनएची कार्डे कोठारात राहतात, आरएनए ही त्यांची नक्कल बाहेर येते, आणि तिच्यावरून अमिनो आम्लांची माळ, म्हणजे प्रथिन, विणले जाते.

अक्षरे चार, वाचन तीन-तीन अक्षरांचे. म्हणून शब्द 64. पण हे शब्द वाचावयाचे कसे ? 1961 साली अमेरिकेत निरेनबर्ग व मथाई यांनी नुसत्या ‘यू’ अक्षराची साखळी पेशीच्या रसात घातली, तो फेनिलअलानिन या एकाच अमिनो आम्लाची माळ बाहेर आली. पहिला शब्द सापडला ! हरगोविंद खुराना यांनी ठरावीक अक्षरांच्या साखळ्या स्वतः घडविल्या. यू-सी-यू-सी अशी साखळी दिली की सेरिन आणि ल्युसिन आळीपाळीने येत. पंजाबातल्या खेड्यातल्या पटवाऱ्याचा, म्हणजे आपल्याकडील तलाठ्याचा, हा मुलगा ! 1966 पर्यंत कोष पुरा झाला : 61 शब्द वीस अमिनो आम्लांचे, तीन शब्द ‘थांबा’ म्हणणारे. 1968 साली खुराना, निरेनबर्ग व हॉली यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

आता पुन्हा मुंबईकडे येऊ. एचचा पाया घालणारे प्रथिन 365 अमिनो आम्लांचे आहे. 1997 साली असे दिसून आले की, या भारतीय बॉम्बे रक्तात त्याच्या 242 व्या शब्दातले मधले ‘टी’ अक्षर जाऊन तेथे ‘जी’ आले आहे. ल्युसिनच्या जागी आर्जिनिन बसले, आणि प्रथिन निकामी झाले. कार्डातले एक भोक चुकले, एवढेच !

ही चूक आई आणि बाप या दोघांकडूनही यावी लागते. म्हणून असा माणूस विरळा. आपल्या देशात सुमारे दहा हजारांत एक, असा ढोबळ अंदाज आहे. त्याला रक्त लागले तर प्रथम त्याची सख्खी भावंडे तपासतात. दोघे आईबाप ही चूक दडवून असलेले असतील, तर प्रत्येक भावंडाला चारात एक संभव असतो. ओळखण्याची रीत साधी आहे : ‘ओ’ ठरलेल्या माणसाचा रक्तद्रव खऱ्या ओ गटाच्या पेशींत मिसळावयाचा, आणि गुठळ्या धरतात काय ते पाहावयाचे.