आधी शेजार, मग सरकार

दुष्काळाचा विषय निघाला की मराठी घरात दामाजीपंतांचे नाव निघाल्यावाचून राहत नाही. मंगळवेढ्याच्या या अंमलदाराने बादशहाची कोठारे भुकेल्या रयतेसाठी खुली केली आणि त्या धान्याची रक्कम विठोबाने महाराचे रूप घेऊन बिदरच्या दरबारी भरली, ही कथा आजीच्या घासाबरोबरच आपल्या पोटात गेलेली आहे. कथा गोड आहे. पण तिच्यातून एक गोष्ट निसटते. कोठार उघडणारा आपल्या लक्षात राहतो. परंतु ज्याच्या अंगी कोठारापर्यंत चालत येण्याचेही त्राण उरले नव्हते, त्याच्या तोंडात पाण्याचा पहिला घोट कोणी घातला, हे कथा सांगत नाही. मोठ्या माणसांच्या इतिहासात अशा घोटांची नोंद सहसा होत नाही. नगर जिल्ह्यात, ज्याला २०२४ पासून सरकारदरबारी अहिल्यानगर म्हणतात, त्या नोंदीचे एक पान मात्र वाचायला मिळते.

या जिल्ह्यावर आकाशाची मर्जी सारखी नाही. पश्चिमेला अकोल्याच्या डोंगरात पाऊस कोसळतो, आणि पूर्वेला पाथर्डी, कर्जत, जामखेड या तालुक्यांत ढग नुसते तोंड दाखवून जातात. १८७६-७७ च्या दुष्काळात येथली माणसे खडी फोडायला आणि माती वाहायला निघाली. १८७८ मध्ये सुरू झालेल्या धोंड-मनमाड रेल्वेमार्गाच्या मातीकामावर अशा दुष्काळी मजुरांचा घाम पडलेला आहे. त्या भीषण अनुभवानंतर इंग्रज सरकारने १८८० मध्ये दुष्काळ आयोगाचा अहवाल घेतला आणि त्यातून दुष्काळाची संहिता तयार झाली. दुष्काळ कसा ओळखावा, कामे केव्हा काढावीत, मजुरी किती द्यावी, हे सारे तिच्यात कलमवार लिहिलेले होते. तिने पुष्कळ जीव वाचवले, हे मान्य केलेच पाहिजे. पण त्या संहितेत गावाची जागा हात पसरणाऱ्याची होती. कलेक्टरसाहेबांनी कागदावर दुष्काळ जाहीर करीपर्यंत गावाने काय करावे, याचे कलम तिच्यात नव्हते.

मग गावात संकटाची व्यवस्था काहीच नव्हती काय? होती. वेशीवर रात्र जागवणारा येसकर महार होता. चोर आला, आग लागली, नदीला पाणी चढले की पहिली हाक त्याची. मरणाची बातमी परगावी पोचवायला धावायचे त्यानेच. म्हणजे आज ज्याला आपण आपत्ती म्हणतो, तिच्या तोंडावर गावाने एक माणूस उभा केलेला होता. मात्र हे काम त्याला कोणी शिकवले नव्हते. ते जन्माने त्याच्या गळ्यात पडले होते. आणि ज्या गावासाठी तो रात्र जागवी, त्या गावाच्या विहिरीला हात लावण्याची त्याला मुभा नव्हती. गावाला त्याची हाक हवी होती, त्याचा हात नको होता! ही वतने कायद्याने १९५८ मध्ये रद्द झाली, ते योग्यच झाले. पण वेशीवरची ती जागा मग रिकामी राहिली.

ती किती रिकामी आहे, हे १९७२ ने दाखवले. आधीची दोन वर्षे ओढीची गेली होती. त्या वर्षी पावसाने पाठच फिरवली. ज्यांनी तो काळ पाहिला त्यांना लाल मिलोची भाकरी, सुकडीची पाकिटे आणि तगारी डोक्यावर घेऊन उन्हात चाललेल्या रांगा अजून आठवतात. १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात सुमारे पन्नास लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी याच आगीतून तावून सुलाखून निघाली आणि पुढे तिचा कायदा झाला. सरकारने हाताला काम दिले. पण कामावर गेलेल्या बाईच्या घरी जुलाबाने सुकत चाललेले मूल होते, त्याचे काय? त्याला कलेक्टर काय करणार, आणि पंधरा कोसांवरचा डॉक्टर तरी काय करणार?

नेमक्या याच प्रश्नाला एका दांपत्याने हात घातला. डॉ. रजनीकांत आरोळे हे याच जिल्ह्याचे सुपुत्र. त्यांनी आणि डॉ. मेबल आरोळे यांनी वेल्लोरला वैद्यकीचे शिक्षण घेतले, नेवासे तालुक्यातील वडाळ्याच्या मिशन रुग्णालयात काही वर्षे काढली आणि तिथे एक गोष्ट ओळखली: बरा होऊन गेलेला रोगी तोच आजार घेऊन पुन्हा दारात उभा राहतो, कारण आजाराचे मूळ त्याच्या गावात असते. अमेरिकेत पुढचे शिक्षण घेऊन परतल्यावर, १९७० मध्ये, ते जामखेडला आले आणि जनावरांच्या एका जुन्या दवाखान्यात त्यांनी काम सुरू केले. अहिल्याबाईंचे जन्मगाव चौंडी याच तालुक्यात आहे. ज्या माउलीने देशभर विहिरी आणि घाट बांधले, तिच्या माहेरच्या तालुक्यात आया-बहिणी घागरभर पाण्यासाठी मैलोगणती चालत होत्या.

प्रारंभी आरोळ्यांनी शिकलेल्या परिचारिका गावोगाव पाठवून पाहिल्या. ते जमले नाही. परक्या गावात एकट्या राहणाऱ्या तरुण मुलीला भीती वाटे, आणि गावाला तिचा भरवसा वाटत नसे. तेव्हा गावकऱ्यांशीच बोलता बोलता वेगळा विचार पुढे आला: गावातलीच एखादी बाई का शिकवू नये? गावाने निवडलेली, त्या गावातच राहणारी, चार बाळंतपणे पाहिलेली. अशा बाया आल्या. बहुतेकींना अक्षरओळख नव्हती. पुष्कळ जणी दलित वस्तीतल्या, काही विधवा, काही नवऱ्याने टाकलेल्या. गावात ज्यांना कोणी विचारीत नव्हते, त्यांनाच गावाचा जीव सांभाळायला शिकवण्याचे ठरले.

शिक्षण कसे दिले, हे मुद्दाम पाहण्यासारखे आहे. या बाया ठरावीक दिवशी जामखेडला येत, मुक्काम करीत, जातपात बाजूला ठेवून एका पंगतीत जेवत. पुस्तक नाही, वही नाही. गोष्ट, गाणे, चित्र आणि एकीचा अनुभव दुसरीने ऐकणे. बाळंतपणात हात कसे धुवावेत, नाळ कापायचे पाते उकळून का घ्यावे, मुलाची वाढ खुंटते आहे हे कसे ओळखावे, अंगावरचा बधिर चट्टा आणि न थांबणारा खोकला यांचा अर्थ काय, हे त्या शिकल्या. जुलाबाने सुकलेल्या मुलाला एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून घोट घोट पाजावे, एवढी साधी गोष्ट त्या शिकल्या आणि तीच जीवनमरणाची ठरली. पाणी तोडले की जुलाब थांबतो, अशी समजूत तेव्हा घरोघर होती. कित्येक लेकरे जुलाबाने नव्हे, तहानेने गेली.

पुढच्या आठवड्यात पुन्हा यायचे. काय केले, कुठे अडले, ते सांगायचे. आपल्याला काय येत नाही आणि रोग्याला केव्हा जामखेडला न्यायचे, हेही याच शिक्षणात होते. ‘अडाणी बाईच्या हाती औषध कसे द्यायचे?’ असा प्रश्न तेव्हा अनेक सुशिक्षितांनी विचारला. आपल्या ज्ञानाची वेस जिला ठाऊक आहे ती अडाणी कशी, हे त्याचे उत्तर आहे.

दुष्काळात गावच्या तरुण शेतकऱ्यांची मंडळे उभी राहिली आणि मुलांसाठी सार्वजनिक स्वयंपाक सुरू झाला. बाहेरच्या मदतीतून विंधनविहिरी खोदल्या गेल्या, आणि येथे आरोळ्यांनी एक शहाणपणाची युक्ती केली. विहिरीची जागा शक्य तिथे दलित वस्तीत ठरवली. भूगर्भातले पाणी तिथेच आहे, असे सांगणारा माणूस जाणकार. त्याला नाही कोण म्हणणार? ज्या वस्तीच्या माणसाला गावाने पिढ्यान् पिढ्या विहिरीवर येऊ दिले नव्हते, त्याच वस्तीत घागर घेऊन जाण्याची पाळी साऱ्या गावावर आली. विठू महाराने भरलेल्या रकमेची पावती जणू पाचशे वर्षांनी मिळाली!

फळ आकड्यांत दिसले. १९७१ मध्ये त्या गावांत जन्मलेल्या दर हजार मुलांपैकी १७६ वर्षाच्या आत दगावत. १९७६ मध्ये ही संख्या ५२ झाली. हे केवळ शिकवणीने झाले असे नाही. पाणी होते, अन्न होते, पाठीशी रुग्णालय होते. पण ते सारे दारापर्यंत नेणारी बाई नसती, तर सारे जामखेडच्या वेशीवरच थांबले असते. १९७९ मध्ये आरोळे पतिपत्नींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि देशोदेशीची शिकलेली माणसे या निरक्षर बायांकडून शिकायला जामखेडला येऊ लागली.

दुष्काळ पावले वाजवीत येतो. भूकंप तसा येत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या रात्रीचा शीण घेऊन माणसे झोपलेली असताना, चार वाजण्याच्या सुमारास किल्लारीची धरणी हलली आणि लातूर-उस्मानाबाद भागात सुमारे आठ हजार माणसे दगडमातीच्या घरांखाली गेली. लष्कर आले, देशभरातून मदत आली, आणि ती मोलाचीच होती. पण उजाडण्यापूर्वी ढिगारा उपसणारे हात शेजाऱ्यांचे होते. मानेला धक्का न लावता माणूस कसा काढावा, वाहते रक्त कसे दाबून धरावे, हे त्या हातांना कोणी शिकवलेले नव्हते. पुनर्वसनाच्या वेळी मात्र शेकडो गावांत महिला मंडळांतल्या बायकांना संवाद सहायक म्हणून नेमले गेले आणि पक्के घर कसे बांधावे, हे त्यांनी शेजारणींना समजावले. शहाणपण आले, पण तहान लागल्यावर विहीर खणावी तसे.

आता कायदा आहे. २००५ मध्ये आपत्ती व्यवस्थापनाचा कायदा झाला. २०१६ पासून ‘आपदा मित्र’ योजनेत निवडक जिल्ह्यांतल्या स्वयंसेवकांना पूर, शोध आणि प्रथमोपचाराचे धडे देण्यास सुरुवात झाली, आणि पुढे देशात एक लाख स्वयंसेवक तयार करण्याचे ठरले. २००५ च्याच सुमारास आलेल्या आशा सेविकांमध्ये जामखेडच्या बायांची सख्खी बहीण दिसते. करोनाच्या साथीत घरोघर फिरल्या त्या याच. याच जिल्ह्यातील हिवरे बाजारने तर दुष्काळालाच पाहुणा म्हणून येऊ न देण्याचा विडा उचलला: गावचा पाऊस मोजायचा, पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडायचा आणि मगच पिके ठरवायची. हेही संकटाचे शिक्षणच आहे.

मात्र जामखेडचा धडा एवढ्याने पुरा होत नाही. शिबिर भरते, टोपी मिळते, प्रमाणपत्र भिंतीवर लागते, आणि पाच वर्षांनी पूर येतो तेव्हा स्वयंसेवक पोटापाण्यासाठी पुण्याला गेलेला असतो. जामखेडने उलटे केले. जी गावातच राहणार तिला निवडले, आणि शिक्षण दर आठवड्याला चालू ठेवले. पोहणे जसे पुस्तकात शिकता येत नाही, तसे ते एकदा शिकून, वीस वर्षे पाण्यात न उतरता, वेळेवर आठवतही नाही.

वाचकहो, दिवाळीच्या चार दिवसांत आपण एकमेकांच्या घरी फराळाला जाल. तेव्हा गप्पांच्या ओघात एवढे विचारून पाहा: आपल्या आळीत लांब शिडी आणि मजबूत दोर कोणाकडे आहे? सर्पदंशावर लस असलेला जवळचा दवाखाना कोणता? फटाक्याने पोराचा हात भाजला, तर त्यावर शाई किंवा दंतमंजन न फासता वीस मिनिटे साधे गार पाणी धरायचे, हे किती जणांना ठाऊक आहे? उत्तरे आली नाहीत, तर पाडव्यानंतरच्या रविवारी चार घरांनी एकत्र बसावे आणि एखाद्या जाणत्या परिचारिकेला चहाला बोलवावे. कोठार उघडायला दामाजीपंत लागेल. ते काम सरकारचे आहे, आणि ते त्याच्याकडून मागून घेतलेच पाहिजे. पण पहिला घोट पाजायला शेजारीणच लागते, आणि तिला शिकवणे हे आपले काम आहे.