सूतिकाज्वर आणि न उगवणारे जंतु

बाळंतिणीस ज्वर आला कीं वैद्य तिचें रक्त घेऊन तें पोषक द्रवांत ठेवतात. त्यांत जंतु वाढले तर रोगाची ओळख पटते. न वाढले तर रक्तांत जंतु नाहींतच, असा समज सहज होतो. हा समज किती फसवा आहे, हें सूतिकाज्वराच्या इतिहासावरून आम्हांस कळतें.

व्हिएन्ना येथील प्रसूतिगृहाच्या एका विभागांत १८४७ च्या एप्रिलांत शेंकडा सुमारें १८ माता दगावल्या. सेमेल्वाइस यांनीं शवविच्छेदन करून येणाऱ्या वैद्यांस व विद्यार्थ्यांस क्लोरीनयुक्त पाण्यानें हात धुण्यास लावलें. जूनमध्यें तें प्रमाण शेंकडा २ च्या आसपास आलें. रोग कोणत्या वाटेनें येतो तें समजलें; येणारा कोण, तें मात्र समजलें नाहीं. १८७९ मध्यें पाश्चर यांनीं पॅरिसच्या वैद्यक-परिषदेंत त्या साखळीसारख्या जंतूचें चित्र फळ्यावर काढून दाखविलें.

तरीही कित्येक रुग्णांचें रक्त द्रवांत निर्जंतुकच दिसे. १९१० मध्यें जर्मनींत शॉट्म्यूलर यांनीं दाखविलें कीं, या ज्वरास कारण होणारे कांहीं जंतु हवा वर्ज्य केल्यावांचून वाढतच नाहींत. १९३७ मध्यें अमेरिकेंत डीन्स व एड्सॉल यांना स्त्रीच्या जननेंद्रियानजीकच्या एका गळवांत मायकोप्लाझ्मा सांपडला. त्यास पेशीभित्तिकाच नसते; म्हणून नेहमींच्या रंगद्रव्यानें तो दिसत नाहीं, आणि पेनिसिलिननें मरतही नाहीं. प्रसूति वा गर्भपात यांनंतर ज्वर आलेल्या स्त्रियांच्या रक्तांतही तो पुढें आढळला.

याहून चमत्कारिक गोष्ट अशी. रक्त गोठूं नये व त्यांतील जंतुनाशक शक्ति शमावी, म्हणून बाटलींत सोडियम पॉलिअॅनेथॉल सल्फोनेट घालतात. बहुतेक जंतूंस तें उपकारक. पण मायकोप्लाझ्मा, गार्डनेरेला व हवा न सोसणारे कांहीं गोलजंतु यांची वाढ तेंच खुंटवितें. ज्यांना शोधावयाचें, त्यांतल्याच कांहींना शोधाचें साधन दडवितें! जिलेटिन मिसळल्यास हा दोष बराच कमी होतो.

आतां जंतु न वाढवितां त्याच्या जनुकावरून त्याची ओळख पटवितां येते. तथापि मेलेल्या वा बाहेरून मिसळलेल्या जंतूचें जनुकही त्या परीक्षेंत उमटतें. म्हणून विवेकाची गरज संपत नाहीं. ‘जंतु आढळले नाहींत’ या शब्दांचा अर्थ ‘या द्रवांत, इतक्या दिवसांत वाढले नाहींत’ एवढाच घ्यावयाचा. ज्वर उतरत नसतां केवळ त्या कागदावर विसंबणें म्हणजे मातेचा जीव पणास लावणें होय.