बंदर गेलं, हॉटेल राहिलं : गॉलच्या किल्ल्यात एक रात्र

आजचा भाग किल्ल्यावरचाच आहे, पण सुरुवात होते हॉटेलच्या बुकिंगपासून.

माझे बाबा मुंबईच्या गोदीत क्लार्क होते, आता निवृत्त आहेत. आई-बाबांच्या लग्नाला 30 वर्षं झाली तेव्हा मी ठरवलं, यांना आयुष्यात एकदा तरी खरोखरच्या मोठ्या हॉटेलात न्यायचं. ठिकाण ठरलं श्रीलंकेतलं गॉल. गॉल आपल्याला टेस्ट मॅचमुळे माहीत असतं. खाली मैदान, मागे किल्ल्याची तटबंदी आणि तटावर बसून मॅच बघणारी माणसं.

मी पडलो इंजिनिअर, त्यामुळे आधी एक्सेल शीट. भाडं, रेटिंग, आणि 'सी व्ह्यू' आहे की नाही. सी व्ह्यूचा फिल्टर लावला आणि किल्ल्यातलं सगळ्यात नावाजलेलं हॉटेल, अमनगल्ला, यादीतून गायब! म्हटलं, समुद्राकाठचं एवढं महागडं हॉटेल, आणि त्याचा व्हरांडा समुद्राकडे नाही तर रस्त्याकडे? इथून माझं बुकिंग थांबलं आणि वाचन सुरू झालं.

गॉलला पहिला किल्ला बांधला पोर्तुगिजांनी, 1588 मध्ये. 1640 मध्ये डचांनी, म्हणजे आपल्या जुन्या कागदांतल्या वलंदेजांनी, तो जिंकून घेतला. त्यांना हवी होती दालचिनी. 1663 पासून त्यांनी तिथे भक्कम तट आणि बुरूज उभे केले आणि आत अख्खं गाव वसवलं. रस्त्यांखालून गटारं काढली आणि ती धुवायला समुद्राचं पाणी वापरलं. अमनगल्लाची इमारत याच काळातली, 1684 ची. ती पाहुण्यांसाठी नव्हतीच, लष्करी अधिकाऱ्यांसाठी होती. व्हरांडा चर्च स्ट्रीटकडे, शेजारी वलंदेजांचं 1755 मधलं चर्च. त्या काळी समुद्र म्हणजे शत्रू येण्याची वाट. त्याच्याकडे तोंड करून आरामखुर्ची कोण टाकणार?

1796 मध्ये इंग्रज आले. पुढे आगबोटी सुरू झाल्या आणि गॉलचं नशीब उघडलं. युरोपातून येणाऱ्या बोटी इथे कोळसा घ्यायच्या. कलकत्ता, चीन, ऑस्ट्रेलियाकडे जाणारे प्रवासी आणि टपाल इथे बोट बदलायचे. बातमीसुद्धा आधी गॉलला उतरायची. कोलंबो तिथून साधारण 115 किलोमीटर. 1850 मध्ये कोलंबोच्या एका वर्तमानपत्राने ही बातमी पोचवायला चक्क कबुतरं ठेवली! 1858 मध्ये तारायंत्र आलं आणि कबुतरांची नोकरी गेली.

आता, बोट बदलायची म्हणजे मुक्काम आला. 1860 च्या दशकात या लष्करी इमारतीचं 'न्यू ओरिएंटल हॉटेल' झालं. थोडक्यात, हे हॉटेल म्हणजे त्या काळातला ट्रान्झिट लाउंज.

पण गॉलच्या बंदरात एक मोठी अडचण होती. पाण्याखाली खडक, आणि नैर्ऋत्य मोसमी वारा सुटला की बोटींचे हाल. ब्रिटिश सरकारने शेवटी कोलंबोला लाटा अडवणारी भिंत बांधायचं ठरवलं. इथे आपल्या मुंबईचा धागा जुळतो. नोव्हेंबर 1875 मध्ये प्रिन्स ऑफ वेल्सने मुंबईत एका गोदीची कोनशिला बसवली. तीच पुढे प्रिन्सेस डॉक झाली. त्याच दौऱ्यात, डिसेंबरमध्ये, त्याने कोलंबोच्या भिंतीचा पहिला दगड बसवला. ती भिंत 1885 च्या सुमारास पुरी झाली आणि टपालाच्या बोटी कोलंबोला लागू लागल्या. गॉल मागे पडलं.

आणि मंडळी, मला वाटतं, म्हणूनच गॉल वाचलं. पैसा आणि गर्दी कोलंबोला गेली. गॉलमध्ये जुनं पाडून नवं बांधण्याएवढा पैसाही नव्हता आणि गरजही नव्हती. हॉटेल एका घराण्याकडे होतं. त्यातल्या नेस्टा ब्रोहिए याच इमारतीत जन्मल्या आणि त्यांनी अनेक दशकं ते चालवलं. 1988 मध्ये किल्ला जागतिक वारसा यादीत आला. 2000 च्या दशकात अमन कंपनीने केरी हिल या वास्तुरचनाकाराकडून इमारत दुरुस्त करून घेतली आणि अमनगल्ला सुरू झालं. आज आपण जिला हेरिटेज म्हणून पैसे मोजतो, ती आधी मंदी होती.

शीटमध्ये दुसरा पर्याय होता किल्ल्याबाहेरचा, जेटविंग लाइटहाउस. जेफ्री बावा यांनी खडकावर बांधलेलं, 1990 च्या दशकातलं. सी व्ह्यू म्हणाल तर समोर समुद्रच समुद्र. जिन्यावर लाकी सेनानायके यांची धातूची शिल्पं आहेत, पोर्तुगीज आणि सिंहली फौजांच्या लढाईची. मला ते फार आवडलं होतं.

शेवटी निर्णय बाबांनी घेतला. भाडं ऐकून आधी म्हणाले, "अरे, एका रात्रीत माझं दोन महिन्यांचं पेन्शन?" मग मी त्यांना बंदराची गोष्ट सांगितली. थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "त्या जुन्यातच जाऊ. एकच रात्र."

उरलेल्या दोन रात्री आम्ही किल्ल्यातच एका कुटुंबाच्या घरी खोली घेतली. ती काकू सांगत होती, गल्लीतली बरीच घरं विकली गेली, आता तिथे कॅफे आहेत. त्सुनामीत, 26 डिसेंबर 2004 ला, तटाबाहेरचं बसस्टँड आणि मैदान उद्ध्वस्त झालं. आतलं गाव तटाने बरंचसं वाचवलं. पण जागांचे भाव तटाला कुठे अडवता येतात?

अमनगल्लाच्या व्हरांड्यात चहा पिताना बाबा मध्येच बोलायला लागले. "न्हावाशेवा सुरू झालं तेव्हा आमच्याकडे असंच झालं रे. उद्यापासून जहाज येणार नाही, असं कुणी सांगत नाही. आधी एक लाइन जाते, मग दुसरी. मग ओव्हरटाइम बंद." न्हावाशेवाचं बंदर 1989 मध्ये सुरू झालं, हे मला पाठ होतं. बाबांच्या ओव्हरटाइमचा आणि त्याचा संबंध मात्र कधी लावला नव्हता. माझी शाळेची सहल एका वर्षी रद्द का झाली, ते मला त्या व्हरांड्यात कळलं. आई शांतपणे म्हणाली, "तेव्हा तुला सांगून काय उपयोग होता?"

तेव्हा मंडळी, जुन्या बंदरातलं भारी हॉटेल निवडणार असाल तर सी व्ह्यूच्या आधी तीन गोष्टी शोधा. ही इमारत आधी काय होती, तिचं हॉटेल कशामुळे झालं, आणि ती पाडली का गेली नाही. उत्तरं सापडली तर भाडं वसूल.

पुढच्या भागात मुंबईच्या गोद्या. बाबा माइकसमोर बसायला तयार झालेत. भेटूच!