धाराशिव जिल्ह्यातील प्रौढांचे इंग्रजी शिक्षण : पाठमालेपासून बोलत्या फोनपर्यंत

धाराशिव जिल्ह्यात प्रौढ माणसाला इंग्रजीची गरज पडू लागली ती शेजारच्या सोलापूर जिल्ह्याच्या मानाने बरीच उशिरा. हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १९०४ पर्यंत जिल्ह्याचे ठाणे नळदुर्गला होते. पुढे ते धाराशिवला आले आणि शेवटचा निजाम मीर उस्मान अली खान याच्या नावावरून गावाला व जिल्ह्याला उस्मानाबाद म्हणू लागले. संस्थानाच्या दफ्तरात १८८०च्या दशकात फारसीची जागा उर्दूने घेतली. कचेरीत कारकुनी करायची, वकिली करायची किंवा साधा अर्ज द्यायचा, तर उर्दू यावी लागे. १९१८ मध्ये हैदराबादला निघालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच होते आणि इंग्रजी हा तिथे एक सक्तीचा विषय होता. घरात मराठी, कचेरीत उर्दू आणि इंग्रजी दूरच्या साहेबाची, अशी तीन भाषांची उतरंड इथल्या माणसाने दोन-तीन पिढ्या सांभाळली.

इंग्रजी नीट शिकायची तर संस्थानची हद्द ओलांडून जावे लागे. सोलापूर आणि बार्शी इंग्रजांच्या मुलखात होते. १८९७ मध्ये कुर्डुवाडीहून बार्शीपर्यंत आलेली अरुंद मापाची बार्शी लाइट रेल्वे १९११ मध्ये लातूरपर्यंत पोचली आणि जिल्ह्याच्या उत्तर भागातून सोलापूरकडे जाणे सोपे झाले. मराठवाड्याच्या मुक्तिलढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांचे शालेय शिक्षण सोलापुरात झाले होते. १९२९ मध्ये ते लोहारा भागातल्या हिप्परगा येथील राष्ट्रीय शाळेत मुख्याध्यापक म्हणून आले. ही शाळा १९२१ची. मातृभाषेतून शिकवण्याचा तिचा आग्रह संस्थानच्या उर्दू धोरणाच्या अगदी विरुद्ध होता. स्वामीजींनी पुढे आपल्या लढ्याच्या आठवणी इंग्रजीत लिहिल्या. मातृभाषेचा आग्रह धरणाऱ्यांना इंग्रजीचे वावडे नव्हते, हे त्यावरून स्पष्ट होते.

याच जिल्ह्यातल्या कसबे तडवळे येथे फेब्रुवारी १९४१ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या उपस्थितीत महार-मांग वतनदारांची परिषद भरली. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले, ते नोकरी करून शिकणाऱ्यांना सोयीचे पडावे म्हणून सकाळचे. १९५० मध्ये त्याच संस्थेने औरंगाबादला महाविद्यालय काढले आणि मराठवाड्यातल्या दलित तरुणांना उच्च शिक्षणाचे, म्हणजे त्या काळी इंग्रजीचेही, दार उघडले. शिकणाऱ्याच्या दिवसाप्रमाणे वर्गाची वेळ ठरवणे ही प्रौढ शिक्षणातली सर्वांत जुनी आणि अजूनही सर्वांत दुर्लक्षित सोय आहे.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान भारतात विलीन झाले आणि चित्र एकदम पालटले. उस्मानिया विद्यापीठ उर्दूकडून इंग्रजीकडे वळले. बाहेरच्या प्रांतांतून आलेले अधिकारी इंग्रजीत शेरे मारू लागले. उर्दूत हुशार असलेला तिशी-चाळिशीतला कारकून रातोरात कच्चा ठरला. जिल्ह्यातल्या प्रौढ इंग्रजी शिक्षणाची खरी सुरुवात इथून धरावी लागते. ती कोणत्याही योजनेतून झालेली नाही. नोकरी टिकवण्याच्या धास्तीतून ती झाली.

अशा माणसाच्या हाताशी साधन होते ते तर्खडकरांची भाषांतर पाठमाला. नियम मराठीत समजावायचा, मग मराठी वाक्ये इंग्रजीत आणि इंग्रजी वाक्ये मराठीत करायला द्यायची, ही तिची रीत. मास्तर नसला तरी चाले. कंदिलाच्या उजेडात, कामधाम आटोपल्यावर, कुणाला न विचारता शिकता येई. प्रौढाला वर्गात चुकण्याची लाज वाटते आणि पुस्तक कुणाला हसत नाही. पाठमालेच्या यशाचे निम्मे श्रेय या एकांताला द्यायला हवे. तिची मर्यादा कानाची होती. देवनागरीत लिहिलेल्या उच्चारावरून आघात कळत नाही. ‘फोटोग्राफ’मध्ये जोर पहिल्या अक्षरावर आणि ‘फोटोग्राफी’त दुसऱ्यावर, हे कागद सांगू शकत नाही. जिला मराठीच वाचता येत नव्हती किंवा ज्याला दिसत नव्हते, त्यांच्यासाठी तर ते पुस्तक बंदच होते.

१९५६ मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. १९६४च्या राजभाषा अधिनियमाने मराठीला कारभाराची भाषा केले. तालुक्याच्या कचेरीतली इंग्रजीची सक्ती हळूहळू सैल झाली, पण शाळेतली अडचण राहिली. मराठी शाळांत इंग्रजी पाचवीपासून असे. ती पहिलीपासून सुरू झाली जून २००० मध्ये, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना. त्याआधीच्या पिढ्यांत दहावीला इंग्रजीवर गाडी अडलेली माणसे गावोगाव सापडतात. त्यांच्यासाठी १७ नंबरचा फॉर्म भरून बहिःस्थ बसण्याची वाट होती. १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ निघाल्यावर बारावी न झालेल्या प्रौढालाही पूर्वतयारीचा अभ्यासक्रम करून पदवीकडे जाता येऊ लागले. बोलण्यासाठी रॅपिडेक्ससारखी पुस्तके आणि तालुक्याच्या गावी निघालेले स्पोकन इंग्लिशचे क्लास होते. ते पाच-सहा साचेबंद संभाषणे पाठ करून घेत आणि पुढचे नशिबावर सोडत.

सरकारी साक्षरता मोहिमांनी इंग्रजीकडे पाहिलेच नाही. १९५९ मध्ये साताऱ्यात सुरू झालेली ग्रामशिक्षण मोहीम, १९७८चा राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम आणि १९८८चे राष्ट्रीय साक्षरता मिशन यांचे लक्ष मातृभाषेतील वाचन, लेखन आणि अंकज्ञानावर होते. ते योग्यच होते. मराठी वाचता येण्याआधी इंग्रजी लादणे म्हणजे दोन्ही बुडवणे. पण मोहीम संपल्यावर पुढची पायरी कुणी बांधली नाही. औषधाच्या पाकिटावरचे नाव, कीटकनाशकाच्या डब्यावरची सूचना, एटीएमचा पडदा, मोबाइलवर आलेला बँकेचा संदेश, यातले बरेच रोमन लिपीत असते. मराठी नवसाक्षर तिथे पुन्हा निरक्षर ठरतो. ३० सप्टेंबर १९९३च्या भूकंपाने उमरगा-लोहारा पट्टा उद्ध्वस्त केला. त्यानंतरच्या पुनर्वसनात स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने गावातल्या बायांना संवाद सहायक म्हणून उभे केले आणि अभियंत्यांची भाषा घराघरांत समजावून सांगण्याचे काम त्यांनी केले. परकी परिभाषा आपल्या बोलीत उतरवून शेजारणीला सांगणारी बाई हे जिल्ह्याला मिळालेले फार मोठे शैक्षणिक साधन होते. त्याची नोंद शिक्षणाच्या इतिहासात व्हायला हवी.

अंध शिकणाऱ्यांची वाट वेगळी होती आणि एका बाबतीत ती डोळस माणसाच्या वाटेपेक्षा सरळ होती. १९५१ मध्ये ठरलेल्या भारती ब्रेलमध्ये भारतीय भाषांतली अक्षरे शक्य तिथे इंग्रजीच्या समान ध्वनीच्या खुणांवर बसवली आहेत. मराठी ब्रेलमधला ‘क’ आणि इंग्रजीतला ‘के’ यांची ठिपक्यांची खूण एकच. डोळस प्रौढाला देवनागरी सोडून नवी लिपी गिरवावी लागते, तर ब्रेल वाचणाऱ्याच्या बोटांना निम्मी इंग्रजी लिपी आधीच ओळखीची असते. पण ब्रेल पुस्तके मोजकी, जाडजूड आणि मुंबई-पुण्याकडे छापली जाणारी. परांड्याच्या किंवा भूमच्या खेड्यात ती पोचणे कठीण.

संगणक आल्यावर ही अडचण सुटेल असे वाटत होते, तर नवीच उभी राहिली. वर्षानुवर्षे मराठी मजकूर ज्या फाँटांत टाइप होत आला, ते युनिकोडचे नव्हते. पडद्यावर अक्षर मराठी दिसे, पण संगणकाच्या पोटात त्याची नोंद रोमन चिन्हांची असे. डोळ्याला ‘नमस्कार’ दिसणारा शब्द पडदा-वाचक प्रणाली निरर्थक रोमन अक्षरे म्हणून वाची. शिवाय स्कॅन करून चढवलेले पान म्हणजे प्रणालीच्या दृष्टीने नुसते चित्र, त्यातून एक शब्दही ऐकू येत नाही. २००६ मध्ये सुरू झालेल्या एनव्हीडीए या मोफत पडदा-वाचकाने इंग्रजीबरोबर मराठी मजकूरही बोलून दाखवला, मात्र मजकूर युनिकोडमध्ये हवा. याच काळात एमकेसीएलची एमएस-सीआयटी केंद्रे तालुक्या-तालुक्यांत पोचली होती. ‘फाइल’, ‘सेव्ह’, ‘प्रिंट’, ‘डिलीट’ हे शब्द हजारो प्रौढांनी इंग्रजीच्या तासाला नाही, तर या वर्गांत माऊस धरून वाचायला शिकले. शब्द दाबला की काम होते, म्हणून तो लक्षात राहतो.

कायदाही सावकाश पुढे आला. दृष्टिहीनांना पुस्तके सुलभ रूपात मिळावीत यासाठीचा माराकेश करार २०१४ मध्ये सर्वांत आधी भारताने मंजूर केला. २०१६ मध्ये सुगम्य पुस्तकालय हे ऑनलाइन ग्रंथालय सुरू झाले आणि त्याच वर्षीच्या दिव्यांग हक्क कायद्याने अपंगत्वाचे २१ प्रकार मान्य करून शिक्षणातली सुलभता हा हक्क ठरवला.

जे दिव्यांगांसाठी केले ते सगळ्याच प्रौढांच्या उपयोगी पडते, हे याच काळात दिसून आले. १९९६ मध्ये अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेत ब्रिज कोठारी यांनी चित्रपटगीतांखाली त्याच भाषेतल्या ओळी दाखवण्याची कल्पना मांडली. बहिऱ्यांना लागणारी ही सोय नवसाक्षरांसाठी वाचनाचा सराव झाली. २००० मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने फकीरचंद कोहली यांच्या पुढाकाराने संगणकावर आधारित साक्षरता कार्यक्रम सुरू केला. त्याचा पहिला प्रयोग जुन्या हैदराबाद संस्थानातल्याच मेदक जिल्ह्यात झाला. अक्षर, चित्र आणि आवाज एकत्र आणून सुमारे ४० तासांत मातृभाषा वाचायला शिकवण्याचा त्याचा दावा होता, आणि जुने टाकाऊ संगणकही त्याला चालत. या दोन्ही प्रयोगांचा भर मातृभाषेवर होता, तरी पुढे इंग्रजी शिकवणाऱ्या साधनांनी हीच रचना उचलली.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले, डेटा स्वस्त झाला आणि ही साधने वर्गातून खिशात आली. गूगल ट्रान्सलेटमध्ये मराठी २०१३ पासून होती. ऑगस्ट २०१७ मध्ये मराठीत बोलून टाइप करण्याची सोय झाली. २०१९ मध्ये आलेल्या बोलो या ॲपने मोठ्याने वाचणाऱ्याचे ऐकून चूक दाखवायला सुरुवात केली. ते मुलांसाठी होते, पण चुकल्यावर न हसणारा श्रोता प्रौढालाही हवाच असतो. जुलै २०२२ मध्ये केंद्र सरकारने भारतीय भाषांसाठी भाषिणी हा मंच सुरू केला आणि नोव्हेंबरमध्ये चॅटजीपीटी आले.

या साधनांनी पाठ कसा बदलतो ते जवळून पाहण्यासारखे आहे. बचत गटातल्या बाईसमोर बँकेचा इंग्रजी फॉर्म आहे. ती फोनने त्याचा फोटो काढते, फोन मजकूर वाचून दाखवतो आणि मराठीत अर्थ सांगतो. इतक्यावर थांबले तर ते भाषांतर झाले, शिक्षण नव्हे. शिकवणारा जाणता असेल तर तो त्याच फॉर्ममधले ‘नेम’, ‘अमाउंट’, ‘नॉमिनी’, ‘सिग्नेचर’ असे मोजके शब्द निवडतो, कृत्रिम बुद्धिमत्तेकडून त्यांवर सोपी वाक्ये आणि लहान संवाद करून घेतो, ते ठळक मोठ्या अक्षरांत, मोकळ्या ओळींत छापतो आणि आवाजाची फाइल व्हॉट्सॲपवर पाठवतो. म्हाताऱ्या डोळ्यांना अक्षर पुरते, अंध माणसाला आवाज पुरतो, रेंज नसलेल्या शेतात उतरवून घेतलेली फाइल ऐकता येते. पूर्वी असा पाठ एका गटासाठी मुद्दाम बनवणे शिक्षकाला वेळेअभावी जमत नसे. आता ते एका संध्याकाळचे काम आहे.

उणिवाही तितक्याच खऱ्या आहेत. ही यंत्रे ज्या मराठीवर पोसली गेली ती मुख्यतः छापील, प्रमाण मराठी. धाराशिवचा माणूस ‘मी शिकत आहे’ असे म्हणत नाही, तो म्हणतो ‘मी शिकायलोय’. अशा रूपांपाशी यंत्र गोंधळते आणि दोष आपल्या बोलीचा आहे असे शिकणाऱ्याला वाटू लागते. इंग्रजी उच्चारातही तेच. ‘इस्टेशन’, ‘इस्कूल’ म्हणणाऱ्याला यंत्र चूक दाखवते, पण जीभ कुठे अडते ते सांगत नाही. शेजारी बसलेला शिक्षक ते एका मिनिटात सांगतो. यंत्र ठाम सुरात चुकीचे उत्तरही देते आणि नवशिक्याला ते ओळखता येत नाही. म्हणून ज्या वर्गात माणूस नाही, तिथे फक्त ही साधने पोचवून जबाबदारी संपली असे मानणे धोक्याचे आहे.

२०१८ मध्ये नीती आयोगाने आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत उस्मानाबादचा समावेश केला. २०२३ मध्ये जिल्ह्याला धाराशिव हे जुने नाव अधिकृतपणे परत मिळाले. २०२२ ते २०२७ या काळासाठीच्या उल्लास नवभारत साक्षरता कार्यक्रमात १५ वर्षांवरील निरक्षरांना शिकवले जाते. त्याची राज्यातली पहिली चाचणी १७ मार्च २०२४ रोजी झाली, ती वाचन, लेखन आणि अंकज्ञान मिळून १५० गुणांची. कार्यक्रमाच्या उद्दिष्टांत निरंतर शिक्षण आणि डिजिटल साक्षरता आहे. कामचलाऊ इंग्रजीला तिथे सहज जागा होऊ शकते. चाचणी उत्तीर्ण झालेल्या प्रत्येक गटाला गावातल्याच एका जाणत्या स्वयंसेवकासह इंग्रजीचा पुढचा वर्ग मिळावा, आणि त्याचे साहित्य पहिल्या दिवसापासून युनिकोडमध्ये, मोठ्या अक्षरांत व आवाजासह तयार व्हावे. जिल्हा प्रशासनाने आणि महाविद्यालयांनी हे काम आता हाती घ्यावे.