हजार मैलांची शर्यत

जुन्या स्पोर्ट्‌स मोटारींचा छंद पाश्चात्य देशांत आतां पुराणवस्तुसंग्रहाच्या योग्यतेस पोहोंचला आहे. त्या चकाकणाऱ्या पत्र्याकडे पाहतांना त्यांच्या वेगाची किंमत कोणीं दिली, हा प्रश्न मात्र सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. त्यासाठीं इटलींतील 'मिल्ले मिल्या' या शर्यतीचा इतिहास आठवावा, असें आम्हांस वाटतें.

१९२७ सालीं सुरू झालेली ही शर्यत ब्रेशियाहून रोमपर्यंत जाई व पुन्हां ब्रेशियास परते. अंतर सुमारें हजार मैल. आणि मार्ग म्हणजे नेहमींचाच सार्वजनिक रस्ता, गांवांमधून, घरांच्या उंबरठ्यांलगत जाणारा. १९५५ सालीं स्टर्लिंग मॉस या इंग्रज चालकानें मर्सिडीझमधून ही फेरी १० तास ७ मिनिटें ४८ सेकंदांत पुरी केली. सरासरी वेग ताशीं सुमारें १५७ किलोमीटर पडला. शेजारीं बसलेला डेनिस जेन्किन्सन मार्गाच्या टिपणांची लांब गुंडाळी उलगडीत हातानें खुणा करीत होता. या कौशल्यापुढें मान न लवविणारा मनुष्य अरसिकच म्हटला पाहिजे.

परंतु त्याच वर्षीं ११ जून रोजीं फ्रान्समधील ल मां येथें पिएर लव्हेग याची मर्सिडीझ दुसऱ्या मोटारीवर आदळून उडाली. तिचे भाग प्रेक्षकांत शिरले आणि ऐंशींहून अधिक माणसें प्राणांस मुकलीं. पुढें १२ मे १९५७ रोजीं ग्विदित्सोलो गांवाजवळ आल्फोन्सो द पोर्तागो या स्पॅनिश सरदाराच्या फेरारीचा टायर फुटला. तो स्वतः, त्याचा सोबती एडमंड नेल्सन आणि कडेला उभे असलेले नऊ प्रेक्षक ठार झाले. त्या नवांपैकीं पांच मुलें होतीं. पूर्वीच्या स्वरूपांत ही शर्यत त्यानंतर झाली नाहीं.

याचें कारण केवळ दुर्दैव नव्हे. त्या काळीं एंजिनाची शक्ति झपाट्यानें वाढली. टायर, ब्रेक व रस्ते तिच्या मागें राहिले. ल मां येथें जॅग्वारला डिस्क ब्रेक होते, तर मर्सिडीझला जुन्या धर्तीचे ड्रम ब्रेक. एकाच रस्त्यावर धांवणाऱ्या दोन मोटारींची थांबण्याची शक्ति सारखी नव्हती. चालकाला बांधणारा पट्टा नसे, आणि प्रेक्षकाला राखणारा भक्कम कठडाही बहुधा नसे.

पोर्तागोस आपला धोका ठाऊक होता व त्यानें तो राजीखुषीनें पत्करला होता. त्या पांच मुलांनीं काय पत्करलें होतें? साहसाची थोरवी आम्हांस मान्य आहे. पण स्वतःचा प्राण पणास लावणें निराळें आणि दुसऱ्याचा लावणें निराळें.

१९७७ सालीं ही शर्यत पुन्हां सुरू झाली, ती जुन्याच मोटारींची. परंतु आतां सर्वांत वेगवान् तो विजयी नसून नेमून दिलेली वेळ अचूक साधणारा विजयी ठरतो. जुनी मोटार आपली सारी शक्ति राखून असते, तसेच आपले सारे दोषही. तिचा मान राखावयाचा तर हें दुसरें विसरून चालणार नाहीं.