कात्रजचा बोगदा आणि कारागिराचें शिक्षण

सातारच्या रस्त्यानें जातांना कात्रजचा जुना घाट चढून गेलें म्हणजे जो बोगदा लागतो, त्याच्या कामांत महात्मा जोतीराव फुले यांच्या 'पुणें कमर्शियल अँड कॉन्ट्रॅक्टिंग कंपनी'चा वाटा होता, असें त्यांचे चरित्रकार नमूद करतात. सुधारक जोतीराव घरोघर ठाऊक आहेत. कंत्राटदार जोतीराव मात्र फारसे कोणी ओळखीत नाहीं. खडकवासल्याच्या धरणालाहि ते सामान पुरवीत. बांधकामांत हुकूम कोण सोडतो आणि पाटी कोणाच्या डोक्यावर असते, हें त्यांनीं स्वतः पाहिलेलें होतें.

पाथरवटाची विद्या कात्रजला नवी नव्हती. अठराव्या शतकाच्या मध्यास, नानासाहेब पेशव्यांच्या काळीं, येथील तलावाचें पाणी भुयारी नळानें पुण्यांत आणलें तें अशाच हातांनीं. ती विद्या बापाकडून मुलाकडे जाई. तिला दाखला लागत नसे. इंग्रजी अमलांत रस्ते, कालवे, लोहमार्ग यांचीं कामें एकदम वाढलीं, आणि त्यांकरितां हाताखालचे अधिकारी तयार करावे म्हणून १८५४ सालीं पुण्यांत इंजिनीअरिंगचा वर्ग निघाला. पुढें त्याचेंच कॉलेज झालें. तेथून मुंबई विद्यापीठाची पदवी घ्यावयाची तर आधीं मॅट्रिक, आणि मॅट्रिकला इंग्रजी! ज्याच्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या लेखणी, त्याला ही पायरी सोपी. ज्याच्या घरांत छिन्नी, त्याला गांवीं धड मराठी शाळाहि मिळेना. दगड ओळखणारा खालीं राहिला आणि दगडाचें माप लिहिणारा वर बसला. माझ्या मतें यांत दोष कॉलेजाचा थोडा, त्याच्या खालच्या मोडक्या पायर्‍यांचा फार.

जोतीरावांनीं १८७३ च्या 'गुलामगिरी'स इंजिनीअर खात्यांतील कारभारावर एक पवाडा जोडला. त्याची भाषा झणझणीत आहे. कोणास रुचो वा न रुचो. परंतु ऑक्टोबर १८८२ मध्यें हंटर कमिशनपुढें त्यांनीं मांडलेलें निवेदन अधिक विचार करावयास लावतें. रयतेच्या सार्‍याचा पैसा वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो. त्याऐवजीं निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचें करा, शिक्षकास बारा रुपयांहून कमी पगार देऊं नका, असें ते सांगतात. शिक्षक शक्य तों शेतकरी वर्गांतला असावा आणि वेळ पडल्यास नांगराची मूठ किंवा सुताराचा वांकस हातीं धरण्यास त्यानें लाजूं नये, हीहि त्यांची मागणी होती. जन्मभर खडू धरलेल्या माझ्यासारख्या मास्तरास हीच मागणी सर्वांत मोलाची वाटते.

'गुलामगिरी' ज्या अमेरिकेच्या लोकांस अर्पण केली, तेथेंहि १८६२ च्या कायद्यानें शेतकी व यंत्रविद्येचीं कॉलेजें निघालीं. पण बहुतेक काळे विद्यार्थी बाहेरच राहिले. त्यांना प्रवेश द्या अथवा त्यांच्यासाठीं वेगळीं कॉलेजें काढा, असा दंडक १८९० सालीं घालावा लागला.

आपल्याकडे औद्योगिक प्रशिक्षणाची देशव्यापी योजना १९५० सालीं आली. कात्रजच्या आसपास आज मोठमोठीं महाविद्यालयें उभीं आहेत. मात्र जोतीरावांनीं मागितलेल्या पहिल्या पायरीचा, सहा ते चौदा वर्षांच्या मुलांस मोफत व सक्तीचें शिक्षण देणारा कायदा देशांत अमलांत आला तो १ एप्रिल २०१० रोजीं.