स्कूटरवरची कॅसेट

आम्ही मालवणचे. तेरेखोल नदी ओलांडली की गोवा, बोली जवळजवळ आमचीच. पण रेमो फर्नांडिसच्या 'गोअन क्रेझी'तला (१९८४) गोवा चक्क इंग्रजीत गातो! हा बाबा शिकलेला आर्किटेक्ट. शिवोलीच्या घरात चार ट्रॅकच्या यंत्रावर, सगळी वाद्यं स्वतःच वाजवून अल्बम केला आणि कॅसेटी स्कूटरवरून दुकानोदुकानी पोचवल्या. (आपल्याला एक रिलीज करायला अख्खी टीम लागते.)

१९६७ च्या जनमत कौलात गोव्याने महाराष्ट्रात विलीन व्हायला नकार दिला. कोकणी १९८७ मध्ये राजभाषा झाली. मधल्या त्या भाषेच्या भांडणात हा इंग्रजीतून गोवेकरपण सांगत होता. १९८६ च्या 'पॅक दॅट स्मॅक'मध्ये तर थेट तरुणांच्या ड्रग्जवर बोट ठेवलं. आमच्याकडे दशावतार होता, पण कॉलेजातल्या पोराचं असं गाणं? मला तरी आठवत नाही. हेवा वाटतो, खरंच.